गाडी बरोबर, पोट्टा चूक

माझे सासरे गुढियारीच्या शेठची लांबलचक विदेशी गाडी तीस वर्षं चालवत होते. शेठ गेले, गाडीचे कागद वाळवीनं खाल्ले. आता ज्यांनी ती विकत घेतली, ते भैया परवा गाडी घेऊन आमच्या दारात आले. त्यांना गाडीचं साल पक्कं करायचं होतं.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आमच्या यांच्याकडं, माझ्या नवऱ्याकडं बोट दाखवलं. "नवीकोरी आली, त्याच आठवड्यात हा पोट्टा जन्मला. दवाखान्यातून याच गाडीत आणला." आणि यांचा शाळेचा दाखलाच पुढं ठेवला.

भैयांनी मोबाईलमध्ये पाहिलं. "अंकल, नंबर के हिसाब से गाड़ी एक साल और पुरानी है।"

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी खोटं बोलून राहिलो काय?"

मला धडकीच भरली, त्यांना बीपी आहे. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काहून भांडता? शाळेत घालताना तुम्हीच तर मास्तरला सांगून पोट्ट्याचं वय एक सालानं कमी लिहवलं होतं!"

बाबा हसत सुटले. "हव, गाडी बरोबर आहे, पोट्टाच चूक आहे!"

हे याच दाखल्यावर सरकारी नोकरीत, मला कुठलं हसू? चहा देताना मी हळूच म्हटलं, "भैया, गाडीचं साल लिहा, पण यांचं नाव कुठं घेऊ नका."

भैयांनी हसून किल्ली बाबांना दिली. बाबांनी यांना मागच्या सीटवर बसवलं, दार हळूच लावलं.

"नीट बस," ते म्हणाले. "तेव्हा तुले टॉवेलात गुंडाळून आणलं होतं."