लॅपटॉपमधली टाकी

लोकांसाठी काही करायला जाऊच नये, खरंच सांगते! आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीसाठी मी हौसेने पंपाचा कंट्रोलर बनवत होते. टाकी भरली की पंप आपोआप बंद. आता खऱ्या पंपाला हात लावण्याआधी सगळं लॅपटॉपवर चालवून बघावं लागतं ना? म्हणून मी प्रोग्राममध्येच एक पंप, एक टाकी आणि एक सेन्सर असे ऑब्जेक्ट लिहिले. ते नीट चालले, की एकेक खोटा ऑब्जेक्ट काढून तिथे खरी वस्तू जोडायची.

आमचे सेक्रेटरी सावंतकाका बघायला आले. स्क्रीनवर टाकी निळीशार भरली आणि पंप बंद झाला. मी बजावलं, "काका, हे सगळं खोटं आहे हं. अजून एक वायरसुद्धा जोडलेली नाही."

"कळलं गं, एवढं कळतं मला," म्हणाले, मोबाइलवर फोटो काढला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पाणीकपात होती. सकाळी बघते तर अख्खी विंग बादल्या घेऊन माझ्या दारात! काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या स्क्रीनचा फोटो टाकलेला, खाली लिहिलेलं, 'टाकी फुल्ल.' आणि ठरवलेला टँकर रद्द करून मोकळे!

माझं डोकंच फिरलं. "काका, टाकी खोटी आहे म्हणून सांगितलं होतं ना मी?"

तर खांद्यावर टॉवेल टाकलेले काका उलट माझ्यावरच ओरडले, "अगं, खोटीच होती तर रिकामी दाखवायचीस! टँकर तरी आला असता!"