पंख्याला हात लावायचा नाय

टोकावड्याच्या दिलीपशी मी कसा भांडलो, ते ऐका. गेम ऐन रंगात आला की त्याचा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा आणि हा म्हणे, "नवं ग्राफिक्स कार्ड घेतो."

मी बातमीदार माणूस, असल्या गोष्टी खपवून घेत नाही. "अरे, आधी पंखे बदल! मशीनला हवाच मिळत नाहीये. ते कार्ड बसवलंस तर आणखी तापेल!"

तो ऐकेना, तेव्हा पुरावाच दाखवावा म्हणून मी कॉम्प्युटरचं टेबल पुढे ओढलं. मागे, गरम हवा बाहेर पडते तिथेच, पेंढ्याच्या टोपलीत अंडी!

दिलीपची बायको धावत आली. "भावोजी, हात नका लावू! उबवायला बसलेली कोंबडी मुंगसानं नेली. आता पिल्लं निघेस्तोवर या डब्याचाच आधार हाय."

"वहिनी, टोपलीनंच हवा अडलीय! निदान पंखे तरी बदलू द्या."

"पंख्याला हात लावायचा नाय." मग वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुमी ते जास्त तापणारं कार्ड खुशाल आणा. पुढल्या खेपेला बदकाची ठेवीन."