डागांची मुलाखत

मुलाखतीच्या खोलीबाहेर पुढच्या उमेदवाराने डोळे फायलीत ठेवले आणि कान शेजारच्या बाकावर.

"मामा, लागली! इतिहास विभागात, संगणक साहाय्यक!"

"अगं, इतिहासाला कशाला संगणक? मेलेली माणसं काय पळून चाललीत?"

"ऐक तर! जुन्या, डागाळलेल्या हस्तलिखिताचा फोटो दाखवला. म्हणाले, वर्गात दाखवायचाय, याचं काय कराल?"

"डाग पुसायचे, झालं!"

"आधीचे सगळे तेच म्हणाले म्हणे. मी प्राध्यापकबाईंना विचारलं, हे डागही शिकवता का?"

"मग?"

"बाई खुर्चीतून उठल्याच! म्हणाल्या, लोक कुठलं पान पुन्हापुन्हा उघडायचे, ते बोटांच्या याच डागांवरून कळतं!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"मामा, नका हो त्यांना गप्प करू," उमेदवार जवळ सरकला. "अजून एक जागा शिल्लक आहे."