फ्लॅट गेला तर मी राहिले

— नाही हो काका, दिवा बंद नका करू. भरदुपारी कशाला म्हणता? या खोलीला भरदुपारीच लागतो. सकाळी थोडा उजेड येतो, तोही समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून. अय्या, हे सांगायचं नव्हतं खरं तर. मामांनी बजावून पाठवलंय — गिऱ्हाईकाला खिडकी दाखव, खिडकीतलं दाखवू नकोस. मामा म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक, माझे सख्खे मामा, आईचे भाऊ. जन्मभर घरं विकली त्यांनी, माणूस दारात उभा राहिला की याला कोणतं घर आवडेल ते सांगतात. आणि मी? माझा तोंडावर ताबा नाही. हा फ्लॅट केव्हापासून अडून बसलाय, काही विचारू नका. मामा म्हणतात याचा पायगुणच वाईट. आता फ्लॅटला कसला आलाय पायगुण? दर वेळी दाखवायला मी येते, एवढंच कारण आहे — पण हे मी मामांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

या, गॅलरीत या. जपून, उंबरा उंच आहे, का ठेवलाय कुणास ठाऊक. वारा आहे ना? वाऱ्याला तोड नाही. खाली बघा — नको, खाली नका बघू. बघितलंत? बरं, मग नीटच बघा. तो बसस्टॉप. माणसं सगळी राहतात या बाजूला आणि बस थांबते त्या बाजूला. मध्ये दुभाजक, त्याच्यावर लोखंडी कठडा. मग माणसं काय करतात? करतात काय — कठड्याचे दोन गज कुणीतरी वाकवून ठेवलेत, तिथून जातात, पोट आत घेऊन. त्या बाई बघा — आधी पिशवी, मग छत्री, मग स्वतः. रोज! आणि ज्यानं टेबलाशी बसून नकाशावर तो स्टॉप काढला ना, त्याला एकदा, फक्त एकदा, त्या गजांतून पलीकडे पाठवावं असं मला फार वाटतं. मी तर मध्यंतरी ऑफिसातल्या मोडक्या खुर्च्या नेऊन रस्त्याच्या कडेला मांडल्या होत्या, गाड्या हळू होतात का बघायला. झाल्या हो! छान हळू झाल्या. मग ट्रॅफिक पोलीस आला, मामांना बोलावून घेतलं, आणि मामांनी काय सांगावं — खुर्च्या विकायला काढल्यात म्हणून! त्यातली एक पोलिसानं पसंतसुद्धा केली.

तर तिथून हे डोक्यात शिरलं. नगररचना. म्हणजे शहर कसं वाढवायचं, रस्ता कुठून न्यायचा, शाळा कुठं, बाग कुठं, बस कुठं थांबवायची — याचं रीतसर शिक्षण असतं काका. सिव्हिल झालंय माझं, त्याच्या पुढची दोन वर्षं. दुसऱ्या शहरात. अर्ज केला आपला सहज — सहज कसला, आईला न सांगता केला. मुलाखतीत विचारलं, तुम्हाला हे का शिकायचंय? आणि मी त्या बसस्टॉपवर जी सुरू झाले, त्या सगळ्यांचे चहा गार होऊन गेले. म्हटलं, गेलं हातचं. तर घेतलं की मला! आता आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, येते की नाही ते.

मग घोडं अडलंय कुठं? अडलंय मामांपाशी. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून शाळा, चष्मा, आजारपणं, सगळं मामांनी केलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना मूलबाळ नाही. आता नव्या वस्तीत दुसरं ऑफिस काढतायत, ते माझ्या हाती द्यायचं म्हणतात. पाटीसुद्धा रंगवून आणली, माझं नाव वर, त्यांचं खाली. मी कॉलेजचं सांगितलं तेव्हा काय म्हणाले? जा की, म्हणाले. शिक की. आणि भरल्या ताटावरून उठले. पोट ठीक नाही म्हणे. मामांचं पोट काका, कधी बिघडत नाही, लग्नातलं उरलेलं दुसऱ्या दिवशी जेवतात ते. ओरडले असते ना, तर मी केव्हाच बॅग भरली असती. जा की म्हणाले, आणि माझा पायच निघेना. आईचं आणखी निराळंच. ती म्हणते, शहर तर बांधून झालंय, तू आता जाऊन काय रचणार? आणि तिशी उलटली तुझी, वर्गातली पोरं तुला मावशी म्हणतील. म्हणू देत! मला त्याचं काही नाही. म्हणजे, झोंबलं थोडं.

म्हणून मग मी मनाशी एक ठरवून टाकलंय — हसू नका हं — हा फ्लॅट आज गेला तर मी राहिले. नाही गेला तर मी गेले. झालं, मला डोकं चालवायलाच नको, सगळं तुमच्यावर. नाही नाही, तुम्ही दडपण घेऊ नका, अगदी निवांत बघा! हे बाथरूम. नळ नवा आहे. पाणी? येतं की. वर चढता चढता दमतं, एवढंच. आता तुम्हाला वाटेल ही मुलगी मुद्दाम वाईट बोलतेय — अजिबात नाही! इमानेइतबारे विकतेय मी. हे स्वयंपाकघर बघा, किती — स्वयंपाकघर तेवढं शेवटी बघू.

काकू नाही आल्या बघायला? गुडघे. हं. लिफ्ट आहे, चालूही असते, पण खाली उतरून काकू जाणार कुठं? औषधांचं दुकान रस्त्यापलीकडे. फुटपाथ आहे — त्या खांबापर्यंत आहे, पुढं खांबच आहे. आणि त्या गजांतून काकू? शक्यच नाही. तुम्ही दुसरं घर बघा काका, मनापासून सांगते. थांबा. थांबा थांबा. इकडच्या खिडकीत या. ते मागचं फाटक दिसतंय? गंजलेलं, सायकली टेकवल्यात बघा. सोसायटीनं कुलूप घातलंय त्याला, का तर पलीकडची पोरं चेंडू शोधायला आत यायची. पण ते फाटक उघडलं ना, तर समोर ती सावलीची गल्ली — गाड्या फिरकत नाहीत, वळायला जागाच नाही — कोपऱ्यावर दवाखाना, त्याला लागून औषधांचं दुसरं दुकान, पुढं बाग, आणि बागेच्या भिंतीला कट्टा, दम लागला तर टेकायला. एकही रस्ता ओलांडायचा नाही! फाटकाशी एक पायरी आहे, तिथं उतार करायचा, घमेलंभर सिमेंटचं काम. वॉचमनची खुर्ची थोडी मागं सरकवली की त्याला दोन्ही फाटकं दिसतात. सकाळी उघडायचं, दिवेलागणीला लावायचं. आणि काकूच कशाला, शाळेची पोरंही तिकडूनच जातील, अख्खी सोसायटी दुवा देईल तुम्हाला — काय सांगत होते मी? हां, स्वयंपाकघर.

काय म्हणालात? घेतो? हा? अहो, उजेड नाही याला! पाणी दमतं सांगितलं ना मी? ...काकू एकट्या बागेत जाऊ शकतील म्हणून. हं. बरं. छान झालं. नाही हो, आनंदच झाला, माझा चेहराच असा आहे. गेला म्हणजे फ्लॅट. मिटलं. मामा आज चाटूनपुसून जेवतील, नवी पाटी लागेल, आईही खूश. — काय? फाटकाचं? सोसायटीशी बोलणं, उतार करून घेणं — त्यात मी लक्ष घालीन का? अहो, मी कशी घालणार? मी नसणार ना इथं. मी कॉलेजात असेन.

काय बोलले मी आत्ता?

तुम्हीही ऐकलंत ना? पण ठरलं तर उलटं होतं, फ्लॅट गेला तर राहायचं ठरलं होतं, तुम्हाला आधीच सांगितलं होतं मी! आणि अडखळलेसुद्धा नाही हो. इतके दिवस जीव टांगणीला लावून बसले होते आणि आलं कसं तोंडातून, फोन नंबर सांगावा तसं. मला जायचंय काका. खूप जायचंय. बसा, बसा तुम्ही — खुर्ची नाहीये, उभेच राहा. मला रुमाल नको, ठीक आहे मी. द्या, बरं.

थांबा, मामांना फोन लावते. फ्लॅटचं तुम्हीच बोला, खूश होतील, आणि मग त्या खुशीत मी हळूच माझं — नको. गिऱ्हाईकाशी करतात तसं मामांशी नाही करायचं मला. वाईट वाटेल त्यांना, मलाही वाटेल, तरी सरळ सांगते. वाजतोय फोन. काका, तुम्ही जरा बाहेर जिन्यात थांबता? दार ओढून घ्या. पूर्ण ओढा, अडकतं ते. — हॅलो, मामा? हो, आलेत ते, फ्लॅटचं नंतर सांगते. आधी माझं ऐका.