रविवारचा बागेचा परवाना

"बाई, कुनाचा इस्वास बसनार न्हाई, पन त्या बागेच्या परवान्यापायी आमी लई भोगलंय," घोडेगावचे छगनआबा म्हणाले.

नगरच्या कचेरीत परवान्याच्या रांगेत त्यांच्यापुढे फक्त मिशन शाळेच्या फिलोमिनाबाई उभ्या होत्या. रविवारी बाग एकाच मंडळीला मिळे, आणि बाईंनी शाळेतल्या पोरांना तिथं वनभोजन कबूल केलं होतं.

"काय भोगलंत, आबा?"

"गेल्या साली आमी बावीस जन भजनाला गेल्तो. शिपाई म्हनला, गवतावर पाय ठेवायचा न्हाई."

"मग बसलात कुठं?"

"चिंचेवर चढलो. तर म्हनला, झाडाला हात लावायची बी मनाई हाय."

"मग?"

"मंग पायवाटेवर एक जन हुबा केला. त्याच्या खांद्यावर दुसरा, असे बावीस. वरच्या बुवाचे टाळ पार ठेसनात ऐकू गेले."

"आणि यंदा पुन्हा तिथंच भजन?"

"आमाला सवय झालीया. तुमची लेकरं कवळी, खांद्यावर टिकायची न्हाईत."

फिलोमिनाबाईंनी आपला अर्ज खिडकीत सरकवला.

"आबा, गेल्या साली तिथं पलटणीची खेचरं बांधलेली असायची. बाग झाली ती या दिवाळीला."