प्रार्थनेची पाळी

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. आई आत होती. समोरच्या बाकावर एक सुतार बायकोची तपासणी संपायची वाट बघत होता. हाताला काही काम नव्हतं, म्हणून बिचारे कानच राबत होते.

“डोळे पूस आधी! रविवारी चर्चमध्ये ठणकावून आमेन म्हणालीस, ते काय गंमत म्हणून?”

“ताई, आईचं हृदय आहे गं...”

“ज्यानं ते घडवलं, त्याला तू शिकवणार? एकदा देवावर सोपवलं की सोपवलं. तू आपली त्याच्या पायाशी ओझं ठेवतेस आणि घरी निघताना पिशवीत घालून परत आणतेस!”

“तुला नाही भीती वाटत?”

“मला? छे! काळजी करायची म्हणजे देवाला तोंडावर सांगायचं, की तुझं काम तुला जमत नाही. मी कालच सगळं लावून दिलंय. चर्चच्या मंडळीतलं एकेक घर पाळीपाळीनं तासभर आईसाठी प्रार्थनेला बसतंय. आता मी निर्धास्त.”

“मग मघापासून सारखे फोन कुणाला करतेस?”

“तू गप्प बस गं! ...हॅलो, वहिनी? आता तुमची पाळी ना? बसलात का प्रार्थनेला?”

“...”

“गुडघे टेकून?”

“...”

“डोळे मिटून, अगदी मन लावून?”

“...”

“मग फोन कसा उचललात?”