वाचनालयात भेटलेली ताई

माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, विधिमंडळातले ताईचे सहकारी, म्हणजे तिच्या बाजूचे आणि तिच्याशी अठ्ठावीस वर्षं तावातावानं भांडलेले समोरच्या बाकांवरचेही, आणि बंधुभगिनींनो,

मी सत्कारमूर्तींची धाकटी बहीण. पेशानं परिचारिका. मला नस शोधायला सांगा, एका झटक्यात शोधेन. शब्द शोधायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचा वाटा सगळा ताईनं उचलला, मी आपली थर्मामीटर झटकत राहिले.

आधीच्या वक्त्यांनी ताईच्या भाषणांचा गौरव केला. पादचाऱ्यांसाठीच्या विधेयकावर बोलताना ती शिवणकामाची टेप घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘मंत्रिमहोदय, आपल्या खात्यानं ठेवलेला पदपथ एवढा आहे. यावरून आपण आडवे चालून दाखवा.’ आपण सगळे हसलात. हा किस्सा मला आधीपासून पाठ होता. कुठून? ताईकडून नव्हे. अकरा वर्षं आम्ही बहिणी एकमेकींशी बोलत नव्हतो.

चपापू नका. आज ते सांगायचं ठरवूनच आले आहे.

आमची आई शेवटचे सहा महिने अंथरुणाला खिळून होती. ती माझ्याकडे होती. माझी रजा संपली, वाढवून मिळेना. सकाळी तिचं सगळं आवरून मी कामावर जायचे, दुपारी शेजारच्या काकू डोकावायच्या. एका दुपारी काकू डोकावायच्या आत आई गेली. मी तेव्हा वॉर्डात कुणाच्या तरी आईची कूस बदलत होते.

पुढच्याच वर्षी ताईनं शुश्रूषा रजेचं विधेयक आणलं. घरात कुणी अंथरुणाला खिळलं, तर नोकरदार माणसाला पगारी रजा मिळावी, एवढीच मागणी. त्या चर्चेत ताई आईबद्दल बोलली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, ‘आई एकटीच गेली, मुलगी नर्स असून!’ वॉर्डात ते पान हातोहात फिरलं. एक रुग्ण मला म्हणाली, ‘सिस्टर, तुम्ही आमचं इतकं करता, आणि आईला असं कसं सोडलंत हो?’

मी ताईला फोन केला. एकच वाक्य बोलले, ‘माझी आई तू टाळ्यांसाठी वापरलीस.’ तिचं उत्तर ऐकायला थांबले नाही.

बायकांचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं, असं आमचे वडील म्हणायचे. माझा उतू गेला नाही, विरजला.

पण माणसाची आठवण रागाला विचारून येते थोडीच? दिवसभर पन्नास जण मला ‘सिस्टर’ म्हणून हाका मारायचे. जिची मी खरीखुरी सिस्टर, तिची हाक तेवढी येत नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी मी वाचनालयात गेले आणि विधिमंडळाच्या कामकाजाचे खंड मागितले. ग्रंथपाल म्हणाले, ‘बाई, हे आजवर कुणी मागितले नाहीत. धूळ झटकून देतो.’

तेव्हापासून दर सुट्टीला ताईला भेटायला मी तिथं जायला लागले. बहिऱ्या मुलांच्या शाळांवरची चर्चा, ट्रकचालकांच्या विश्रांतीच्या तासांवरची, धरणाखाली राहणाऱ्यांच्या इशारा-भोंग्यावरची. प्रत्येक भाषणाची सुरुवात, ‘माझा मुद्दा साधा आहे.’ आणि मग पाऊण तास! वाचताना तिचा आवाज ऐकू यायचा, कुठं तिनं श्वास घेतला असेल तेही कळायचं. मध्येच कंसात छापलेलं असायचं, ‘हशा’. सभागृह कधीच हसून मोकळं झालेलं असायचं; मी त्या शांत खोलीत एकटीच हसायचे आणि मग पान ओलं होऊ नये म्हणून मागं सरकायचे.

शुश्रूषा रजेच्या चर्चेचा खंड मात्र मी कधी उघडला नाही. तो फडताळात दिसला तरी नजर वळवायचे.

मग दोन वर्षांपूर्वी वॉर्डात एक बसचालक वडिलांच्या उशाशी बसलेला पाहिला. सलग नववा दिवस. मी विचारलं, ‘कामावरून काढतील ना तुम्हाला?’ तो म्हणाला, ‘नाही हो सिस्टर, शुश्रूषा रजेवर आहे. आता कायदाच आहे.’ आणि वडिलांना भरवायला लागला. मी औषधांची ट्रॉली तिथंच सोडली आणि साठवणीच्या खोलीत जाऊन रडले.

त्या संध्याकाळी मी तो खंड उघडला. वर्तमानपत्रानं घेतलेलं वाक्य तिथं होतं. त्याच्या पुढचं वाक्य कुणी छापलं नव्हतं. ताई म्हणाली होती, ‘बहिणीनं मला कळवलं होतं, आठ दिवस येऊन राहा. मी म्हटलं, अधिवेशन संपू दे. आईला बहिणीनं एकटं सोडलं नाही. मी सोडलं.’

मी खंड परत केला आणि थेट तिच्या घरी गेले. ताईनं दार उघडलं. केस पांढरे झाले होते. माझ्या गणवेशाकडे पाहून म्हणाली, ‘ड्यूटी संपवून आलीस की जायचंय?’

‘संपवून.’

‘मग आत ये. पाहुणीसारखी उभी काय राहिलीस?’

मी विचारलं, ‘तू खुलासा का नाही केलास?’

‘केला असता, तर तू माफ केलं असतंस. ते नको होतं. आईचं मरण मी तुला न विचारता चव्हाट्यावर नेलं. तुझा राग खरा होता.’

‘आणि फोन?’

‘सभागृहात कधी शब्द अडला नाही गं. तुझा नंबर लावला की पहिलं वाक्यच सापडायचं नाही.’

अध्यक्ष महाशय, ताईनं केलेला तो कायदा कित्येक घरांना आईबापांजवळचे दिवस देतो आहे. आमची अकरा वर्षं मात्र कुठल्याच कायद्यानं परत येणार नाहीत. आजही वाचनालयावरून जाताना माझा पाय घुटमळतो, शेजारच्या गल्लीत ताई राहत असूनही. त्या पानांतल्या ताईची मला इतकी सवय झाली होती.

ताई, सभागृहात वेळ संपली की घंटा वाजायची. माझ्या स्वयंपाकघरात घंटा नाही. तू ये आणि बोलत राहा. मला छापील नको, समोर हवी आहेस.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, घरातलं चारचौघांत जास्तच आलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ताईला काय वाटलं, ते ती मला वाटेत सांगेलच. आम्ही आज एकाच गाडीनं घरी जाणार आहोत.